चाळिशी लागल्यावर पिस्तुलावर रेड डॉट घ्यावा की आयर्न साइटच ठेवावी?

दहावे वर्तुळ (प्रश्न):

नमस्कार. मी बारा वर्षांपासून पिस्तूल नेमबाजी करतो. सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने झाली, मग २५ मीटरवर गेलो आणि गेली तीन वर्षे घड्याळ लावून, जागा बदलत, निरनिराळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडण्याच्या स्पर्धाही खेळतो. हे सगळे शिक्षण आयर्न साइटवर, म्हणजे मागची खाच आणि पुढचा खांब जुळवून नेम धरण्याच्या साध्या साइटवर, झालेले आहे. मागच्या खाचेत पुढची साइट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका पातळीत, नजर पुढच्या साइटवर रोखलेली आणि लक्ष्य मुद्दाम थोडे धूसर सोडलेले, हे चित्र मला झोपेतून उठवले तरी डोळ्यांसमोर दिसेल.

अडचण अशी, की आता माझे वय ४७ आहे आणि चाळिशी चांगलीच लागली आहे. दूरचा चष्मा लावला तर लक्ष्य स्वच्छ दिसते, पण पुढच्या साइटच्या कडा लोकरीसारख्या होतात; वाचण्याचा चष्मा लावला तर साइट कोरीव दिसते आणि २५ मीटरवरचे लक्ष्य राखाडी ढगासारखे पसरते. त्यातच उजव्या डोळ्याला, म्हणजे नेमाच्याच डोळ्याला, थोडा सिलिंडरचा नंबरही (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठी लागणारा नंबर) आहे.

गेल्या महिन्यात सोबतच्या एका नेमबाजाने स्लाइडवर (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) रेड डॉट, म्हणजे काचेत नेमाचा लाल ठिपका दाखवणारी साइट, बसवलेले त्याचे पिस्तूल वापरून पाहायला दिले. पहिला धक्का असा, की पिस्तूल नेहमीसारखे वर उचलले तर काचेत काहीच नव्हते, आणि ठिपका शोधण्यासाठी मनगट इकडेतिकडे वळवावे लागले. दुसरा असा, की सापडल्यावर तो इतका थरथरत होता, की मला ताप भरला आहे की काय असे वाटले. शिवाय तो ठिपका नव्हताच. शेपटी असलेला स्वल्पविराम होता. तरीही सावकाश झाडलेल्या पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, माझ्या नेहमीच्या ग्रुपपेक्षा लहान आला, आणि घड्याळ लावल्यावर मात्र मी पूर्वीपेक्षा मंद ठरलो.

मला विचारायचे आहे, की हा केवळ सवयीचा भाग आहे का. ती शेपटी डोळ्याची आहे की यंत्राची. आणि एअर पिस्तूल मला सोडायचे नसल्यामुळे रेड डॉटकडे वळल्यास आयर्न साइटवरचा हात बिघडेल का.


कोरडा सराव:

मी काही वर्षांपासून नवशिक्यांना शिकवते, आणि आपण वर्णन केलेला पहिला अनुभव मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की त्यात आपल्या हाताचा दोष शोधू नये असे आधीच सांगते. मात्र तो अनुभव का येतो हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कारण न समजता केलेला सराव बहुधा मनगट वळवून ठिपका शोधण्याचाच सराव ठरतो.

आयर्न साइटमध्ये डोळ्याला तीन वस्तू तीन अंतरांवर पाहायच्या असतात आणि त्यांतली एकच स्पष्ट दिसू शकते. पुढची साइट निवडण्यामागे साधी भूमिती आहे. दोन साइटमधले अंतर १६० मिलिमीटर असलेले पिस्तूल घ्या. पुढची साइट खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १५६ मिलिमीटर दूर जाते, आणि एक दशांश मिलिमीटरची चूकही तिथे दीड सेंटीमीटर होते. याउलट, साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या असताना संपूर्ण हात ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळी ५ मिलिमीटरच सरकते. एकीकडे दीडशेपटीने वाढणारी चूक आणि दुसरीकडे जेवढ्यास तेवढी राहणारी चूक. म्हणूनच सगळे प्रशिक्षक ‘पुढची साइट, पुढची साइट’ असा घोष करीत असतात, आणि म्हणूनच आपल्या धूसर झालेल्या कडा तुम्हाला इतक्या महागात पडत आहेत.

रेड डॉटमध्ये एका लहानशा एलईडीचा प्रकाश वक्र आणि विशेष लेप दिलेल्या काचेवर आपटून डोळ्याकडे येतो, आणि येताना त्याचे किरण जवळजवळ समांतर झालेले असतात. त्यामुळे ठिपका काचेवर असला तरी डोळ्याला तो दूर, लक्ष्याच्याच जागी असल्यासारखा भासतो. खाच आणि खांब जुळवण्याचे काम शिल्लकच राहत नाही. पिस्तूल डोळ्यासमोर थोडे तिरके आले तर ठिपका काचेच्या कोपऱ्यात जातो, पण तिथूनही तो नळी कुठे रोखली आहे हेच सांगत असतो. ठिपका कोपऱ्यात असल्यामुळे पडणारा फरक साधारणपणे डोळा काचेच्या मध्यापासून जितका बाजूला आहे तितकाच, म्हणजे फार तर सेंटीमीटरभर असतो, आणि अंतराबरोबर तो दीडशेपटीने फुगत नाही. ठिपका काचेच्या मधोमध आणण्यात पुष्कळ लोक वेळ दवडतात. तो वेळ वाया जातो.

आता रिकाम्या काचेविषयी. आयर्न साइट वर येताना पुढचा खांब खाचेच्या वर किंवा बाजूला दिसत असतो आणि तुमचे मनगट शेवटच्या वीतभर अंतरात नकळत दुरुस्ती करते. बारा वर्षे तुम्ही ही दुरुस्ती करीत आला आहात, पण ती कधी जाणवली नाही, कारण साइट सतत माहिती पुरवीत होती. रिकामी काच कोणतीही माहिती देत नाही. पिस्तूल उचलण्याच्या पद्धतीत जी त्रुटी पूर्वी झाकली जात होती ती आता उघडी पडली, एवढेच घडले आहे. ठिपका नळीच्या तोंडाच्याच दिशेने पळतो, आणि नव्या माणसाच्या बाबतीत तो बहुधा वरच्या बाजूने बाहेर गेलेला असतो, कारण काच जुन्या साइटपेक्षा उंच बसलेली असल्यामुळे नवा माणूस पिस्तूल वर आणताना नळीचे तोंडही उचलतो.

उपाय कोरड्या सरावाचा आहे. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात, भिंतीवर एक लहान खूण करावी. त्या खुणेकडे पाहून डोळे मिटावेत, पिस्तूल वर आणून स्थिर करावे आणि मग डोळे उघडावेत. ठिपका नसेल तर तो मनगटाने शोधू नये. पिस्तूल खाली न्यावे, पकड आणि हाताची उंची बदलावी आणि पुन्हा करावे. रोज दहा मिनिटे दिली तर काही आठवड्यांत ठिपका आपोआप समोर येऊ लागतो. या सर्व काळात नजर खुणेवर असावी, काचेवर कधीही नसावी. आयर्न साइटवर वाढलेल्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत कठीण जाते, कारण त्याची नजर सवयीने जवळ येते आणि ठिपक्यालाच पुढची साइट समजून त्याच्याकडे टक लावते.

थरथरीबद्दल थोडेच लिहिते. तुमचा हात पूर्वीही इतकाच हलत होता. लक्ष्य धूसर असल्यामुळे ते हलणे दिसत नव्हते. खरा धोका हलण्यात नसून, ठिपका मधोमध आला की त्या क्षणी ट्रिगर हिसकण्याच्या मोहात आहे. ठिपका दहाच्या, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या मधल्या वर्तुळात भटकत असेल तर त्याला भटकू द्यावे आणि ट्रिगर सावकाश, न थांबता दाबत राहावा.


सिलिंडर नंबर:

डोळे तपासणे हा माझा व्यवसाय आहे आणि पिस्तूल हा छंद आहे, त्यामुळे शेपटीचा प्रश्न माझ्याकडे घेतो.

शेपटी कुणाची हे घरच्या घरी ओळखता येते. रिकाम्या पिस्तुलावरचा किंवा शक्यतो सुटा काढलेला रेड डॉट डोळ्यासमोर धरा आणि तो आपल्या अक्षाभोवती हळूहळू फिरवा. यंत्र फिरले आणि शेपटीची दिशा तशीच राहिली, तर शेपटी डोळ्याची आहे. यंत्राबरोबर शेपटीही फिरली, तर दोष यंत्राचा. मग यंत्र स्थिर ठेवून मान खांद्याकडे झुकवा. शेपटी मानेबरोबर झुकली तर पहिल्या निष्कर्षाला पुष्टी मिळते. तिसरी चाचणी सर्वांत सोपी आहे. पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून त्यातून पाहा; ठिपका गोल झाला तर डोळ्याचा सिलिंडर हेच कारण. मोबाइलने छायाचित्र काढण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात, परंतु कॅमेरा तेजस्वी बिंदू पसरवून दाखवतो, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

कारण डोळा निघाले तर घाबरण्यासारखे काही नाही. आधी तेज कमी करा. रेड डॉट वापरणारे बहुतेक जण ठिपका गरजेपेक्षा पुष्कळ तेजस्वी ठेवतात आणि सिलिंडर असलेल्या डोळ्याला ते तेजच ताऱ्यासारखे फाटलेले दिसते. त्यानंतर नेमबाजीच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आणि त्याचा अक्ष, दोन्ही अचूक घातले आहेत का हे पाहा. रोजच्या चष्म्यात सिलिंडर घालायचा आणि खेळाच्या चष्म्यात ‘थोडाच आहे’ म्हणून सोडून द्यायचा, असे करणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात. काहींना हिरवा ठिपका अधिक सुबक दिसतो. दिवसाउजेडी मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा हिरवा ठिपका लाल ठिपक्याहून उजळ भासतो. पण पार्श्वभूमी झाडीची असेल तर तो हरवतो. म्हणून दोन्ही रंग पाहिल्याशिवाय निवड करू नये.

याखेरीज, आयर्न साइटचा मार्ग आपल्यासाठी बंद झालेला नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. आपण दूरचा चष्मा आणि वाचण्याचा चष्मा अशी दोनच टोके वापरून पाहिलीत. पुढची साइट डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर असेल तर तिच्यावर पूर्ण फोकस येण्यासाठी दूरच्या नंबरात साधारण १.४३ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) मिळवावे लागतील, आणि तसे केले की लक्ष्य ढगासारखे होणारच. त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ०.७५ मिळवले तर फोकस साइटच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर पडतो, आणि साइट व लक्ष्य दोन्ही सारख्याच, पण सुसह्य प्रमाणात धूसर होतात. त्यावर चष्म्याला बसणारी आयरिस, म्हणजे मागेपुढे करता येणारे लहान छिद्र लावले तर दोन्हींच्या कडा आणखी घट्ट होतात. उजेड मात्र कमी होतो, त्यामुळे छिद्र फार लहान करू नये. १० मीटरच्या एअर पिस्तुलासाठी मी आधी हाच प्रयोग सुचवीन. रेड डॉटला मात्र यातले काहीही लागत नाही. दूरचा अचूक नंबर पुरतो, कारण ठिपका आणि लक्ष्य डोळ्याच्या दृष्टीने एकाच अंतरावर असतात. चाळिशीनंतरच्या नेमबाजाला याहून मोठी सवलत मला ठाऊक नाही.

प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा, लावून नेमबाजी करीत असाल तर तेवढे बंद करा. साइट स्पष्ट दिसावी म्हणून हनुवटी नकळत वर जाते आणि मग मानेपासून मनगटापर्यंत सगळेच बिघडते.


जुनी खाच:

वरच्या दोन्ही उत्तरांतले शास्त्र मला मान्य आहे. तरी मी चार वर्षे रेड डॉट वापरून पुन्हा मुख्यतः आयर्न साइटवर आलो आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

रायफलीवर बसवलेले ऑप्टिक, म्हणजे रेड डॉटसारखी काचेची साइट, रायफलीच्या अंगावर निवांत बसलेले असते. पिस्तुलावरचे ऑप्टिक स्लाइडवर असते, म्हणजे प्रत्येक गोळीला ते झटक्याने मागे जाते, आदळते, पुढे येते आणि पुन्हा आदळते. हा सगळा भार दोन बारीक स्क्रू आणि बहुधा मधली एक पातळ पट्टी सोसत असते. माझ्या बाबतीत एकदा सरावात ग्रुप डावीकडे सरकू लागला. मी दोन आठवडे ट्रिगरवरच्या बोटाला दोष दिला, बोटाची जागा बदलली, पकड बदलली, आणि एके दिवशी ऑप्टिकला सहज हात लागला तर ते हलले. मधल्या पट्टीचा स्क्रू सैल होता. त्या दोन आठवड्यांत मी स्वतःला लावून घेतलेल्या वाईट सवयी काढायला दोन महिने गेले. तेव्हापासून प्रत्येक स्क्रू लॉकिंग द्रव लावून, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवरच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळतो आणि स्क्रूच्या डोक्यापासून ऑप्टिकच्या अंगावर रंगाची एक बारीक रेघ ओढतो, म्हणजे तो फिरल्यास रेघ तुटलेली दिसते.

बॅटरीची भीती मात्र मला अवाजवी वाटते. सीआर२०३२ सारखे लहान सेल दीर्घकाळ चालतात आणि वर्षातली एक तारीख ठरवून ते बदलून टाकले की प्रश्न मिटतो. काही मॉडेलमध्ये सेल बदलण्यासाठी ऑप्टिक उतरवावे लागते, आणि पुन्हा बसवल्यावर झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या जागीच लागते की नाही, हे तपासल्याखेरीज स्पर्धेला जाणे मूर्खपणाचे ठरते. म्हणून सेल वरून किंवा बाजूने निघतो का, हे घेण्यापूर्वीच पाहावे. बॅटरीपेक्षा पाऊस आणि धूळ अधिक त्रास देतात. उघड्या रचनेच्या ऑप्टिकमध्ये एलईडीपासून काचेपर्यंतचा मार्ग मोकळा असतो. एलईडीवर पाण्याचा एक थेंब, तेलाचा शिंतोडा किंवा कापसाचा तंतू बसला की ठिपक्याचे फूल होते किंवा तो नाहीसाच होतो. बंद रचनेत हा मार्ग दोन काचांच्या आत सुरक्षित असतो, तरीही बाहेरच्या काचा पुसाव्या लागतातच.

आपोआप तेज बदलणाऱ्या ऑप्टिकविषयीही सावध राहावे. त्याचा संवेदक तुम्ही जिथे उभे आहात तिथला उजेड मोजतो. तुम्ही छपराखाली आणि लक्ष्य उन्हात असेल, तर ठिपका छपराच्या मापाने मंद होतो आणि उजळ लक्ष्यावर विरून जातो. हाताने तेज बदलण्याची सोय असलेलेच घ्यावे.

नियमांची बाब तर निर्णायक आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० आणि २५ मीटरसारख्या पिस्तूल प्रकारांत केवळ उघड्या साइटला परवानगी आहे. प्रकाशीय, आरशाच्या किंवा ठिपका टाकणाऱ्या साइटना तिथे मज्जाव आहे. चष्म्यावरची काच चालते, पिस्तुलावर बसवलेली काच चालत नाही. आयपीएससीमध्ये, म्हणजे घड्याळ लावून जागा बदलत खेळण्याच्या स्पर्धांच्या संघटनेत, ‘प्रॉडक्शन’ विभागात ऑप्टिक चालत नाही, ‘प्रॉडक्शन ऑप्टिक्स’ आणि ‘ओपन’ विभागांत चालते. म्हणजे आपण खेळत असलेल्या दोन प्रकारांपैकी एकात रेड डॉटला जागाच नाही, आणि दुसऱ्यात तो लावला की तुमचा विभाग बदलतो.

एक अवांतर गोष्ट. लोक याला नवे तंत्र म्हणतात, पण काचेवर नेमाची खूण परावर्तित करून ती दूर असल्यासारखी दाखवण्याची कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली होती आणि पुढे ती लढाऊ विमानांच्या साइटमध्ये वापरली गेली. १९७५ मध्ये एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने एलईडीवर चालणारी साइट बाजारात आणली. नवी आहे ती एलईडी, काचेची कल्पना जुनीच आहे. जुन्या मराठीत नेम धरण्याला ‘शिस्त धरणे’ म्हणत, आणि मला विचाराल तर खाचेत खांब जुळवताना त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हा युक्तिवाद नव्हे, केवळ आवड आहे, हे मान्य करतो.

व्यवहाराचे सांगायचे तर ४-५ मीटरवरच्या मोठ्या लक्ष्यावर मला रेड डॉटचा काहीही फायदा जाणवला नाही. १५ मीटरच्या पुढे आणि लहान लक्ष्यांवर तो स्पष्ट जाणवला. आपल्या स्पर्धांत कोणती अंतरे अधिक असतात, ते पाहून ठरवावे.


दहावे वर्तुळ:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. चाचण्या करून पाहिल्या. मित्राचे ऑप्टिक सुटे करून फिरवले तेव्हा शेपटी जागची हलली नाही; मान झुकवल्यावर ती निमूटपणे मानेबरोबर आली; आणि टाचणीच्या छिद्रातून पाहिल्यावर इतका गोल, सुंदर ठिपका दिसला, की घरातल्या सर्वांना बोलावून दाखवला. कुणालाच त्यात विशेष काही वाटले नाही. खेळाचा चष्मा काढून पाहिला तर त्यात सिलिंडर घातलेलाच नाही. चार वर्षांपूर्वी तो करताना मीच ‘साधा नंबर पुरे’ असे सांगितले होते, हेही आठवले.

डोळे मिटून पिस्तूल उचलण्याचा सरावही आठ दिवस केला. ठिपका बहुतेक वेळा वर आणि थोडा उजवीकडे बाहेर असतो. ‘कोरडा सराव’ यांनी वरची बाजू आधीच सांगितली होती. उजवीकडचे कारण मात्र लक्षात येत नाही.

आणखी एक शंका आहे. २५ मीटरवर झिरो केलेल्या त्या पिस्तुलाने ५ मीटरवरच्या लहान लक्ष्यावर झाडले तेव्हा प्रत्येक गोळी ठिपक्याच्या खाली लागली. हा माझा ट्रिगर आहे की झिरो बिघडला आहे?


कोरडा सराव:

दोन्ही नाही. डोळ्याची रेषा नळीच्या वरून जाते, आणि ऑप्टिकमुळे ती आयर्न साइटच्या रेषेपेक्षा आणखी काही मिलिमीटर उंच होते. २५ मीटरवर दोन रेषा जुळवल्या तर ५ मीटरवर गोळी अजून खालीच असते, ऑप्टिकच्या उंचीनुसार साधारण दीड ते दोन सेंटीमीटर. आयर्न साइटमध्येही हे घडत होते, पण ते सेंटीमीटरच्या आसपास होते आणि जवळच्या लक्ष्यावर तेवढे आपल्या लक्षात येत नाही. जवळच्या लहान लक्ष्यावर ठिपका तेवढा वर ठेवावा. त्यासाठी झिरो हलवू नये.

झिरो करताना एका गोळीच्या मागे धावू नये. पाच गोळ्यांचा ग्रुप झाडून त्याचा मध्य पाहावा आणि मगच ठिपका सरकवणाऱ्या स्क्रूच्या क्लिक फिरवाव्यात. पुष्कळ पिस्तूल ऑप्टिकमध्ये एक क्लिक म्हणजे १ एमओए, म्हणजेच अंशाचा साठावा भाग, आणि २५ मीटरवर तो ७.३ मिलिमीटर होतो. याच हिशेबाने ठिपक्याचा आकारही निवडता येतो. ३ एमओएचा ठिपका २५ मीटरवर २२ मिलिमीटर झाकतो, ६ एमओएचा ४४ मिलिमीटर. आणि त्या अंतरावरच्या प्रिसिजन लक्ष्याचे दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. मोठा ठिपका वेगात लवकर सापडतो, पण तो जवळजवळ सगळे दहाचे वर्तुळच गिळतो. तुमचे काम दोन्ही प्रकारचे असल्यामुळे मी ३ एमओएच्या आसपासचाच सुचवीन.

उजवीकडे जाण्याचे कारण न पाहता सांगणे धाडसाचे आहे. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर आधारासाठी लावलेला डावा हात पिस्तुलाला पुरेसा धरून आहे का, हे आधी तपासा; तो सैल असला की उजवे मनगट एकटेच दिशा ठरवते.

नजर जवळ येण्याची सवय मोडण्यासाठी आणखी एक युक्ती आहे. ऑप्टिकच्या लक्ष्याकडच्या काचेवर चिकटपट्टी लावावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून सराव करावा. एक डोळा ठिपका पाहतो, दुसरा लक्ष्य पाहतो आणि मेंदू दोन्ही चित्रे एकत्र करतो. नजर काचेवर आली तर लक्ष्यच नाहीसे होते, त्यामुळे लबाडी करता येत नाही.

आयर्न साइटवरचा हात बिघडण्याविषयी माझे मत असे आहे, की ट्रिगरची शिस्त दोन्हीकडे एकच असल्यामुळे ती बिघडत नाही. बिघडते ती नजर ठेवण्याची सवय. म्हणून एकाच सत्रात दोन्ही पिस्तुले घेऊ नयेत. दिवस वेगळे ठेवावेत. आणखी एक मतभेदाचा मुद्दा. काही जण ऑप्टिकच्या काचेतून दिसणाऱ्या उंच आयर्न साइट लावतात. त्या असाव्यात, ऑप्टिक बंद पडले तर उपयोगी पडतात. परंतु ठिपका शोधण्यासाठी आधी त्या साइट जुळवायच्या आणि मग त्यांच्यावर ठिपका पाहायचा, ही सवय लागली की ऑप्टिक घेऊनही वेग आयर्न साइटचाच राहतो.


सिलिंडर नंबर:

चिकटपट्टीच्या सरावाबद्दल एक सूचना जोडतो. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चित्रे मिळाली की काहींचे डोळे किंचित बाजूला सरकतात आणि गोळ्या ठिपक्यापासून सातत्याने एकाच बाजूला लागतात. तसे दिसले तर पट्टी काढून पुन्हा पाच गोळ्या झाडून पाहा. पट्टी लावलेली असताना झिरोला हात लावू नका.

नवा चष्मा करताना तपासणाऱ्याला पिस्तूल धरण्याची मुद्रा करून दाखवा आणि डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घेऊन जा. आपण त्या क्षणी काचेच्या कोणत्या भागातून पाहता, हे खुर्चीत सरळ बसून कळत नाही. सिलिंडरचा अक्ष काही अंशांनी चुकला तरी शेपटी थोडी परत येते.


जुनी खाच:

उंच साइटविषयीचा मुद्दा मला पटला. मी स्वतः तीच चूक करीत होतो. फक्त एवढे जोडतो, की विभाग बदलण्यापूर्वी एखाद-दोन स्पर्धा मित्राच्याच पिस्तुलाने खेळून पाहाव्यात. सरावात घेतलेला वेळ आणि स्पर्धेत लागणारा वेळ यांत माझ्या बाबतीत बराच फरक पडला होता, कारण शिटी वाजल्यावर माझी नजर हमखास जवळ यायची.


दहावे वर्तुळ:

ठरवले ते असे. एअर पिस्तुलासाठी सिलिंडरसह ०.७५ मिळवलेला चष्मा उद्याच करायला टाकतो आणि आयर्न साइट तशीच ठेवतो. मित्राने त्याचे पिस्तूल दोन महिने सरावापुरते आणि दोन स्पर्धांसाठी द्यायचे कबूल केले आहे, तोवर स्वतःचे काहीही घेत नाही. डावा हात खरोखरच सैल होता. काल तो घट्ट लावून चाळीस वेळा पिस्तूल उचलले, त्यांत ठिपका एकतीस वेळा काचेत होता. राहिलेल्या नऊ वेळा तो वरच होता, उजवीकडे एकदाही नव्हता. आणि मित्राच्या ऑप्टिकच्या स्क्रूंवर रेघा ओढायला गेलो, तर दोनपैकी एक स्क्रू बोटानेच फिरला.